रक्त परतल्यानंतरचा तास

माझ्या टेबलावर एकाच यकृताच्या दोन काचा शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. डावीकडची रक्त सुरू होण्याआधीची, उजवीकडची रक्त सुरू झाल्यावर तासाभराने घेतलेल्या तुकड्याची. यकृत एका शरीरातून निघालं, बर्फात प्रवास करून आलं, दुसऱ्या शरीरात शिवलं गेलं आणि मग शिरांवरचे चिमटे सुटले. या सगळ्यातलं माझ्यापर्यंत पोचतं ते एवढंच, सुईने काढलेले दोन धागे. अख्ख्या यकृताच्या मानाने असा एक धागा म्हणजे साधारण 50,000वा भाग. ज्या माणसाच्या पोटात ते यकृत आता आहे त्याला मी कधी भेटत नाही. पॅथॉलॉजिस्टचं काम असंच. पण त्या तासाभरात त्याच्या यकृतात काय झालं असेल, याचा विचार करण्यात माझे कितीतरी तास गेले आहेत.

शिकत असताना मला वाटायचं की प्रश्न रक्त थांबण्याचा आहे. रक्त थांबलं की पेशी गुदमरणार, ते परत आलं की जगणार. जितका वेळ बंद, तितकं नुकसान. सोपा हिशोब. एकदा परवानगी घेऊन प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रियेला उभी राहिले, तेव्हाही डोक्यात हेच होतं. थंड, करड्या-पिवळट रंगाचं यकृत पोटात निपचित पडलेलं. पोर्टल शिरेवरचा चिमटा सुटला आणि कडेपासून आत रंग धावत गेला. काही सेकंदांत त्या निर्जीव दिसणाऱ्या गोळ्याला तकाकी आली. टेबलाभोवतीच्या सगळ्यांचे खांदे सैल झाले. एकाचे मात्र झाले नाहीत. भूल देणारे डॉक्टर यकृताकडे बघतच नव्हते, त्यांची नजर रक्तदाबाच्या रेषेवर खिळली होती. त्या पहिल्या पाच मिनिटांत रक्तदाब एक तृतीयांशाने कोसळू शकतो, हृदयाची लय बिघडू शकते. इतका वेळ यकृतात साचून राहिलेलं थंड, आम्लधर्मी, पोटॅशियमने भरलेलं पाणी एकदम हृदयाकडे निघतं. शिवण पूर्ण होण्याआधी यकृत धुऊन घेतात ते यासाठीच, तरी थोडं उरतंच. रक्त परत येणं हीच धोक्याची वेळ आहे, हे त्या खोलीत त्या माणसाइतकं दुसरं कुणी जाणत नसावं.

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळतं. शरीरातल्या दुसऱ्या क्वचितच कुठल्या अवयवाला अशी सोय आहे. हृदयातून दर मिनिटाला निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ चौथा हिस्सा यकृतातून जातो. त्यातलं 70 ते 75 टक्के पोर्टल शिरेतून येतं, म्हणजे आतड्यांतून आणि प्लीहेतून एकदा फिरून आलेलं, अन्नरसाने समृद्ध पण ऑक्सिजन थोडाफार खर्चून बसलेलं. बाकीचं धमनीतून ताजं येतं. प्रमाण असं विषम असूनही दोघांकडून मिळणारा ऑक्सिजन जवळपास सारखाच. पोर्टलचा ओघ कमी झाला तर धमनी रुंदावून थोडीफार भरपाई करते. उलट मात्र होत नाही. धमनी आटली तर पोर्टल शीर आपणहून काही वाढवून देत नाही. आणि पित्तनलिका तर पूर्णपणे धमनीवरच जगतात. म्हणून प्रत्यारोपणानंतर धमनीत गुठळी झाली की यकृताच्या पेशी तग धरतात आणि पित्तनलिका मात्र झडू लागतात. मला ही रचना फार अन्यायाची वाटत आली आहे. अवयव एकच, पण एकाच घरातल्या माणसांना वेगवेगळा शिधा.

हा भेदभाव सूक्ष्मदर्शकाखाली आणखी ठळक दिसतो. दोन्ही वाटांचं रक्त एकत्र मिसळतं आणि पेशींच्या रांगांमधून झिरपत मधल्या शिरेकडे जातं. पाटाच्या तोंडाशी असलेल्या पेशींना भरपूर ऑक्सिजन, शेपटाकडच्यांना उरलंसुरलं. तोंडाशी ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या मापात 60 ते 65 मिलिमीटर, तर शेवटी 30 ते 35. म्हणजे सगळं सुरळीत चालू असतानाही मधल्या शिरेभोवतालच्या पेशी काठावर जगत असतात. म्हणूनच रक्तदाब बराच वेळ घसरला तर आधी त्याच जातात. मी काच लावते आणि सवयीने नजर तिथेच जाते.

हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या माणसाच्या बाबतीत हे काही वेळा घडतं. नातेवाईक मॉनिटरवरच्या लाटेकडे बघत असतात, लाट नीट चालली आहे म्हणजे संकट टळलं असं वाटतं. दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट येतो आणि चाळिसाच्या आत असायला हवे ते एसजीओटी, एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात सांडणाऱ्या एंझाइमांचे आकडे, हजारांत गेलेले असतात. आता हे नवीन काय, असं घरचे घाबरून विचारतात. नवीन काही नसतं, ते कालचंच असतं. मराठीत काळीज म्हणताना आपला हात छातीकडे जातो, पण हा शब्द ज्या ‘कालेय’वरून आला त्याचा संस्कृत कोशांतला अर्थ यकृत असा आहे. काळजाचं पाणी होतं तेव्हा ते नेमकं कुठल्या काळजाचं, हे त्या रिपोर्टवरून कळतं.

रक्त थांबल्यावर पेशीत काय होतं ते आधी सांगते, कारण परतीचा सगळा घोटाळा तिथेच रचला जातो. यकृताच्या एका पेशीत हजार ते दोन हजार मायटोकाँड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या गिरण्या, असतात. ऑक्सिजन संपला की त्यांची इलेक्ट्रॉन पुढे सरकवणारी साखळी अडते. एटीपी हे पेशीचं रोजचं खर्चाचं नाणं. त्याचा साठा मिनिटामिनिटाला घसरत जातो. साखर ऑक्सिजनविना फोडून पेशी थोडी वेळ मारून नेते, पण त्यात आम्ल तयार होतं. सोडियम बाहेर ढकलणारे पंप मंदावतात, सोडियम आत येतं, त्यामागे पाणी येतं, पेशी फुगते. त्यापाठोपाठ कॅल्शियम शिरतं. हे सगळं वाईटच, पण पेशी अजून मेलेली नसते. उलट ते साचलेलं आम्ल तिला तात्पुरतं राखत असतं. आम्लामुळे विघटन करणारी यंत्रणा थंडावते, मायटोकाँड्रियाच्या आवरणातलं एक घातक छिद्र बंद राहतं.

मग रक्त येतं. आम्ल धुऊन जातं, पेशीचा सामू पूर्ववत होऊ लागतो आणि नेमक्या त्याच वेळी ते छिद्र उघडतं. जगायला पोषक अशी परिस्थिती परत आली म्हणून पेशी मरते. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटून पुन्हा मागे आले, काहीतरी उलट छापलंय असं वाटून.

दुसरी गोष्ट ऑक्सिजनची. रक्त थांबलेलं असताना मायटोकाँड्रियात सक्सिनेट नावाचं एक द्रव्य साचत जातं. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात उंदरांचं हृदय, मेंदू, मूत्रपिंड आणि यकृत या चारही अवयवांत रक्त तोडल्यावर ते साचलेलं दिसलं. ऑक्सिजन परत आला की हा साठा एकदम जळतो. इतका एकदम, की इलेक्ट्रॉनांचा लोंढा साखळीत उलटा मागे सरकतो आणि त्यातून ऑक्सिजनचे आक्रमक रेणू बाहेर पडतात. तेच आवरणं जाळतात, त्या छिद्राला उघडायला लावतात. म्हणजे नासधूस करणारा पदार्थ बाहेरून आलेला नसतो. ज्याची वाट बघत पेशी तगली, तोच तो ऑक्सिजन.

या टप्प्यावर ऐकणारा कुणीतरी हमखास माणसांच्या नात्यांची उपमा देतो. तुटणं, परत येणं, परत आल्यावर जास्त दुखणं. मला ती उपमा द्यावीशी वाटत नाही. पेशी रुसत नाहीत, त्यांना काही आठवत नसतं. जे घडतं ते रसायनांच्या वेगाचं गणित असतं, आणि ते तसंच बघितलं तर त्यात हस्तक्षेप करता येतो. उपमेत रमलं की हात थांबतात.

पेशीच्या आतलं हे झालं. बाहेर दुसरंच नाट्य सुरू असतं. 1876 मध्ये कार्ल व्हिल्हेल्म फॉन कुप्फर हा जर्मन शास्त्रज्ञ यकृतात मज्जातंतू शोधत होता. सोन्याच्या क्षाराने रंगवलेल्या तुकड्यात त्याला ताऱ्यांसारख्या पेशी दिसल्या. पुढे यकृतातल्या भक्षक पेशींना कुप्फर पेशी म्हणायची पद्धत पडली. 1971 मध्ये केंजिरो वाके यांनी दाखवून दिलं की कुप्फरने पाहिलेल्या तारापेशी त्या नव्हेतच, त्या अ जीवनसत्त्व साठवणाऱ्या वेगळ्याच पेशी आहेत. जवळजवळ शतकभर दोन वेगळ्या पेशी एका नावाखाली नांदत होत्या. मला हा इतिहास आवडतो, कारण रक्त परतल्यावरच्या गोंधळात या दोघींचंही काम आहे, आणि ते वेगवेगळं आहे.

कुप्फर पेशी रक्ताच्या वाटेवरच बसलेल्या असतात. आतड्यातून आलेले जंतूंचे तुकडे टिपणं हा त्यांचा रोजचा उद्योग. रक्त परत आलं, आसपासच्या फुटक्या पेशींतून आतला ऐवज सांडलेला दिसला, की त्या तो घाला समजून पेटतात. आक्रमक रेणू सोडतात, टीएनएफसारखे दाह भडकवणारे निरोप धाडतात. ही पहिली फेरी, पहिल्या काही तासांतली. त्या निरोपांवरून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा होऊ लागतात, आणि पुढे सहा तासांपासून दिवसभर दुसरी, जास्त विध्वंसक फेरी चालते. इकडे तारापेशी आकुंचन पावतात. आधीच अरुंद असलेल्या, जेमतेम एक रक्तपेशी सरकेल एवढ्या वाटा आणखी आवळल्या जातात. त्यांचं अस्तर सुजलेलं असतं, आणि यकृत बर्फात राहिलेलं असेल तर ते अस्तर गोळा होऊन सुटायलाही लागलेलं असतं. मग होतं असं, की मुख्य शिरेत रक्त जोरात वाहतंय, शल्यविशारदाच्या बोटांना ठोका लागतोय, पण आत कितीतरी गल्ल्यांत रक्त पोचलेलंच नाही.

माझी चूक याच ठिकाणी झाली.

नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. अशाच दोन काचा आल्या होत्या. डावीकडची चांगली होती, चरबी अगदी किरकोळ. उजवीकडची मी दोनदा बघितली. पेशी जागच्या जागी. थोडी सूज, इकडेतिकडे न्यूट्रोफिलचे लहान पुंजके. पुंजक्यांनी फसायचं नाही हे मला शिकवलेलं होतं, कारण तासन्‌तास पोट उघडं राहिलं, यकृत हाताळलं गेलं, की तेवढ्यानेही ते जमतात. मी लिहिलं, लक्षणीय इजा दिसत नाही. ते लिहिताना मला आनंद झाला होता, हे मला आजही आठवतं. तिसऱ्या दिवशी कळलं की एसजीओटी पाच आकडी गेलं आहे आणि यकृत चालावं तसं चालत नाही.

मी काच घेऊन मॅडमकडे गेले. मला वाटलं, मला मेलेल्या पेशी ओळखता आल्या नाहीत. त्यांनी दोन्ही काचा बघितल्या, उजवीकडची बराच वेळ. मग मला म्हणाल्या, “अगं, काच बरोबर आहे. पण ही संध्याकाळी सात वाजताची आहे.”

मला समजलं नाही. त्यांनी समजावलं ते असं. पेशी मरते आणि मेलेली दिसते, या दोन वेगळ्या वेळा आहेत. केंद्रक आक्रसणं, विरघळणं, पेशीचा गुलाबी रंग गडद होणं, हे सगळं मृत्यूनंतर काही तासांनी काचेवर उमटतं. रक्त सुरू होऊन तास झालेला असताना घेतलेल्या तुकड्यात जी पेशी धडधाकट दिसते, तिचा निकाल लागून गेलेला असू शकतो. न्यूट्रोफिलची मोठी फेरी तर अजून सुरूही झालेली नसते. “म्हणजे मी लिहायचं काय?” मी विचारलं. “जे दिसतं ते. आणि तुकडा किती वाजता घेतला ते. वेळ लिहिल्याशिवाय या काचेला अर्थ नाही.”

तेव्हापासून मी वेळ विचारते. चिमटा कधी सुटला, धमनी कधी सुरू झाली, तुकडा कधी घेतला, तो टिकवून धरणाऱ्या फॉर्मॅलिनमध्ये कधी पडला. कधी कधी फोनवर समोरचा वैतागतो. मी तरीही विचारते.

चरबीबद्दलही थोडं सांगायला हवं. चरबीने फुगलेल्या पेशी आधीच वाटा दाबून बसलेल्या असतात, त्यांची एटीपीची शिल्लकही तोकडी असते, आणि बर्फातल्या साठवणीत त्या आणखी खचतात. मोठ्या थेंबांची चरबी 30 टक्क्यांच्या वर गेली की शल्यविशारद विचारात पडतात, 60 च्या वर गेली तर बहुतेक वेळा ते यकृत घेतच नाहीत. म्हणून रात्री-अपरात्री डावीकडच्या काचेसाठी फोन येतो, आणि मी गोठवलेल्या तुकड्यावर आकडा सांगते. अशा यकृतात रक्त सुरू झालं की काही पेशी फुटतात आणि त्यांतले चरबीचे थेंब एकमेकांत मिसळून रक्ताच्या वाटांमध्ये मोठ्या पोकळ्या करून बसतात. हे चित्र मी मोजक्या वेळा पाहिलं आहे. जिथे रक्त वाहायला हवं तिथे चरबीचे गोल, आणि त्यांना वळसा घालून जायला धडपडणाऱ्या लाल पेशी.

आता हस्तक्षेपाबद्दल. रक्त मुद्दाम थांबवण्याची कल्पना मूळची प्रत्यारोपणाची नाही. 1908 मध्ये ग्लासगोचे शल्यविशारद जेम्स होगार्थ प्रिंगल यांनी अपघातात फाटलेल्या यकृताचा रक्तस्राव आवरण्यासाठी यकृताकडे जाणाऱ्या वाहिन्या अंगठा आणि बोट यांच्यात दाबून धरायची युक्ती मांडली. ते रुग्ण त्यांना वाचवता आले नाहीत, पण ती पकड आजही त्यांच्या नावाने वापरली जाते. यकृताचा भाग काढताना शस्त्रक्रियेत पंधरा मिनिटं दाबायचं, पाच मिनिटं सोडायचं, पुन्हा दाबायचं. सोडलेल्या पाच मिनिटांत रक्त जास्त जातं, तरी आजारी यकृताला हे थांबून थांबून दाबणं सलग दाबण्यापेक्षा सोसतं. हे कसं, याचा एक धागा कुत्र्यांच्या हृदयावरच्या 1986 मधल्या प्रयोगात सापडतो. मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी हृदयाच्या एका धमनीत पाच-पाच मिनिटांची चार छोटी बंदी घातली आणि मग 40 मिनिटांची मोठी. आधी छोटी बंदी सोसलेल्या हृदयात मेलेला भाग ती न सोसलेल्यांच्या एक चतुर्थांशच निघाला. मोठी बंदी तीन तासांची केली तेव्हा मात्र फायदा उरला नाही. 2003 मध्ये झुरिकच्या गटाने माणसांच्या यकृतावर दहा मिनिटं बंद, दहा मिनिटं सुरू, मग अर्धा तास बंद असं करून बघितलं आणि इजा कमी झाली, तरुणांत जास्त. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत तेवढा फायदा दिसला नाही. तरीही ऊतक थोड्या उपासाने शिकतं, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. शिकणं हा शब्द मी जपून वापरते आहे. पेशीतली काही प्रथिनं बदलतात, काही दारं आधीच बंद होतात, एवढंच ते शिकणं.

गेल्या काही वर्षांत मला सगळ्यात जास्त आशा वाटते ती यंत्रांची. बर्फाच्या पेटीऐवजी यकृत यंत्राला जोडून त्यातून द्रव किंवा रक्त फिरवत ठेवायचं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, युरोपातल्या 220 प्रत्यारोपणांच्या अभ्यासात, शरीराच्या तापमानाला रक्त फिरवत ठेवलेल्या यकृतांची एंझाइमवरून मोजलेली इजा बर्फातल्यांच्या निम्मी होती, आणि तीही जास्त वेळ साठवून. दुसरी पद्धत याच्या उलट्या विचाराची आहे. यकृत थंडच ठेवायचं, साधारण दहा अंशांना, आणि ऑक्सिजन मिसळलेला द्रव शेवटचा तास-दोन तास त्यातून सोडायचा. थंडीत मायटोकाँड्रिया सावकाश जागे होतात, साचलेलं सक्सिनेट एकदम न जळता हळूहळू संपतं, एटीपी थोडं भरतं. मग खरं रक्त येतं तेव्हा तो लोंढा उठत नाही. हृदयक्रिया थांबल्यावर दान केलेल्या यकृतांवर ही पद्धत वापरलेल्या एका चाचणीचे निष्कर्ष 2021 मध्ये आले. पित्तनलिका अरुंद होण्याचा त्रास 18 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आला. धमनीवर जगणाऱ्या त्या दुर्लक्षित नलिका! तो लेख मी रात्री वाचला आणि सकाळी मॅडमना फोन केला. त्या निवृत्त झाल्या आहेत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “काचा आहेत का त्याच्या?”

ज्याच्या काचेबाबत मी चुकले त्या रुग्णाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. एसजीओटी तिसऱ्या दिवसानंतर झपाट्याने उतरू लागलं. रक्तात त्याचं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे सतरा तास लागतात, त्यामुळे नवी भर थांबली की ते असं धाडकन खाली येतं. एसजीपीटी रेंगाळतं, त्याला सत्तेचाळीस तास लागतात. पण पित्ताचा आकडा चढत राहिला, आणि सातव्या दिवशी शरीर यकृताला नाकारतंय की काय या शंकेने पुन्हा सुई घातली गेली. म्हणून त्या यकृताची माझ्याकडे तिसरी काचही आहे.

नाकारण्याची खूण तिच्यात नाही. मधल्या शिरेभोवती पेशी गळून गेल्याच्या रिकाम्या जागा आहेत, पाटाच्या शेपटाला, जिथे अपेक्षित होत्या तिथेच. त्या जागांत कुप्फर पेशी आहेत, मेलेल्यांचे अवशेष खाऊन तपकिरी रंगाने फुगलेल्या. पहिल्या तासात आग लावणाऱ्या त्याच पेशी आता साफसफाई करताहेत. शेजारच्या पेशींत पित्ताचे हिरवट ठिपके अडकलेत. आणि त्या रिकाम्या जागेच्या कडेला, मोठ्या भिंगाखाली, एक पेशी आहे. तिचं केंद्रक विरघळलेलं नाही. त्यातले गुणसूत्रांचे दोर मधोमध रांगेत उभे राहिलेत, दोन्ही बाजूंना ओढले जाण्याच्या बेतात. फॉर्मॅलिनने तिला तिथेच थांबवलं. काचेच्या कोपऱ्यात पेन्सिलीने मी वेळ लिहिली आहे, सकाळी 10.40.